तुझी खाणावळ आणि माझी निवडणूक

आई, तुझ्याबद्दल मी परक्या लोकांसमोर बोलले. शाळेचा हॉल होता, घडीच्या खुर्च्या होत्या, मागे चहाचं टेबल होतं आणि माझ्या हातात माइक होता. तुझी खाणावळ, तुझा उंबरा, तिथं उभं राहून तू विचारायचीस तो प्रश्न, सगळं मी इंग्रजीत सांगून टाकलं. तुला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण आपल्याविषयी बोलणं चाललंय हे तुला कुठल्याही भाषेत बरोबर कळायचं. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. येत्या गुरुवारी मतदारांसमोरची शेवटची सभा आहे. तिथं तुझं नाव पुन्हा काढायचं की नाही, हे ठरवण्याआधी तुला सगळं सांगावं असं वाटलं, म्हणून मुलगी नेटबॉलला गेल्यावर लिहायला बसले आहे. बाहेर वारा सुटलाय, कपडे दोरीला गुंडाळून बसलेत, आणि मी उठून ते सोडवत नाहीये.

आधी हे सांगायला हवं की मी निवडणुकीला उभी आहे. हसू नकोस. तू गेलीस तेव्हा आम्ही न्यूझीलंडला नुकतेच आलो होतो, भाड्याच्या घरात हीटरजवळ बसून दात वाजवत होतो. आता लोअर हटला स्वतःचं घर आहे आणि मी पाण्याच्या पाइपांचं काम करते. इथले जमिनीखालचे पाइप इतके म्हातारे झालेत की भर रस्त्यात झरे फुटतात. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पाइप कळणारं एक तरी माणूस हवं, असं मी येताजाता बडबडायचे. शेवटी शेजारीण वैतागून म्हणाली, मग तूच उभी राहा ना. ही शेजारीण माओरी आहे, प्राथमिक शाळेत शिकवते, आणि तुझ्यासारखीच तिला वाक्य अर्धं सोडून देणारी माणसं खपत नाहीत. माझ्या फोटोचा पहिला बोर्ड तिनं तिच्या कुंपणावर ठोकला, माझ्या कुंपणावर नंतर लागला. शनिवारी आम्ही दोघी दारोदार फिरायचो. ती दार वाजवायची, ‘किया ओरा’ असा त्यांचा नमस्कार म्हणायची आणि मला पाठीत हात घालून पुढे ढकलायची. इथं मतपत्रिका पोस्टानं घरी येते. लोक ती फ्रीजवर लावून ठेवतात आणि सवडीनं भरतात, आणि तोवर उमेदवाराचा जीव टांगणीला.

आता काकांचं. तुला ते नक्की आठवतील. खाणावळीत खिडकीजवळच्या पाटावर बसायचे, बँकेत नुकतेच लागले होते, आमटी भातावर न घेता वाटीनं प्यायचे. निवृत्त होऊन आता जॉन्सनव्हिलला मुलाकडे असतात. एका गणपतीला त्यांनी मला गर्दीत नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं, म्हणाले, तू तर आमच्या वहिनींची. परदेशात, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी तुला ‘वहिनी’ म्हणणारं माणूस भेटणं म्हणजे काय, ते तुला कसं सांगू. मी तिथंच रडले. माझं ऑपरेशन झालं तेव्हा ते रोज बस बदलत आमच्याकडे यायचे, मुलीजवळ बसायचे, तिला श्लोक शिकवायचे. ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये ते गीतेवर बोलतात. इथं मुलांकडे येऊन राहिलेली आजी-आजोबा मंडळी आठवडाभर घरात भिंतींशी बोलतात, त्यांना तो रविवार म्हणजे जीव की प्राण. बोलतातही ते छान, आवाज न चढवता, मध्येच एखादी गंमत सांगत.

त्यांनीच मला बोलावलं. ‘प्रवचनानंतर तुझी सगळ्यांना ओळख करून देतो,’ म्हणाले. मी तुझं जांभळं इरकल नेसले होते. इंजिनिअर झाले तेव्हा तू ते माझ्या हातात ठेवलंस आणि म्हणालीस, चारचौघांत उभं राहायची वेळ येईल तेव्हा नेस. त्या दिवशी विषय होता तीन गुणांचा. मी पहिल्या रांगेत बसून मनातल्या मनात पाइपांवरचं भाषण घोकत होते. आणि काका त्याच मऊ आवाजात म्हणाले की गुण नुसते स्वभावात नसतात, वंशात असतात. इथल्या मूळच्या लोकांकडे बघा, बेटांवरून आलेल्यांकडे बघा. खायचं, प्यायचं, लोळायचं आणि तुरुंग भरायचे. तमोगुण रक्तातच आहे, बिचाऱ्यांचा दोष नाही. आपण इथं बुद्धीच्या जोरावर आलो. म्हणून या देशाला आपल्या संस्कारांची माणसं हवीत, आणि म्हणून आपल्या या मुलीला मत द्या. काही जण हसले, काही जण पायांकडे बघू लागले, एक आजी वाती वळत होत्या त्या वळतच राहिल्या. हे आत्ता काय बोलले, असं माझ्या मनात येतंय तोवर माझं नाव पुकारलं गेलं.

मी वर गेले. त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि मी वाकून नमस्कार केला. पूर्ण वाकून, दोन्ही हात पायांना लावून. समोर फोन वर झालेले. तुला आठवतं, लहानपणी आपल्याकडे जेवायला आलेल्या हेडमास्तरांना मी घाईत नुसते हात जोडले होते, तेव्हा तू सगळ्या पंगतीसमोर मला म्हणाली होतीस, ‘वाकताना कणा मोडतो का तुझा?’ मी नऊ-दहा वर्षांची असेन. वरणाची वाटी हातात धरून सगळे माझ्याकडे बघत होते. त्यानंतर मी कधी अर्धवट वाकले नाही. आवडत्या माणसापुढे वाकते, नावडत्या माणसापुढे वाकते, वयानं मोठं कुणी समोर आलं की माझी पाठ मला न विचारता खाली जाते. आपल्या लोकांना त्या फोटोत काही दिसलंच नसतं. सुनेनं सासऱ्याशी भांडूनही दिवाळीला करायचा असतो, तसला तो नमस्कार.

पण दोन दिवसांत ते बोलणं इंग्रजी सबटायटल लावून सगळीकडे फिरलं, आणि त्याच्या शेवटी मी. जांभळी साडी, शाल, आणि त्या माणसाच्या पायांवर डोकं. इथल्या लोकांना दिसलं ते एवढंच की तो असं बोलला आणि मी त्याचे पाय धरले. वार्ताहरांचे फोन आले. स्टेशनजवळच्या माझ्या बोर्डावर कुणीतरी काळ्या रंगानं एक शब्द लिहिला, तो तुला सांगत नाही. मुलीनं शाळेतून आल्यावर दप्तर न ठेवताच विचारलं, ‘मम, यू बाउड टू हिम. आफ्टर दॅट?’ मी तिला मोठ्यांचा मान वगैरे सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खोलीत निघून गेली. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली सामोअन आणि माओरी आहेत, त्यांच्यासोबत ती खेळते, त्यांच्या घरी झोपायला जाते. दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवताना ती वळणाआड जाईपर्यंत मी फाटकात उभी होते.

त्याच संध्याकाळी शेजारीण मागच्या दारानं आली, नेहमीसारख्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, बाहेर काढून. तिनं सबटायटल वाचले होते, तरी तिला ते माझ्याकडून ऐकायचं होतं. कुणीतरी केलेलं भाषांतर मला नको, तू शब्दाला शब्द सांग, म्हणाली. आणि मी ओट्याला टेकून, तिच्याकडे न बघता, काकांची ती वाक्यं इंग्रजीत केली. एका ठिकाणी मी जरा सौम्य शब्द वापरला. तिला लगेच कळलं. मग मी खरा शब्द सांगितला. नमस्काराचंही सांगितलं, की आम्ही नको असलेल्या मामालासुद्धा करतो. ते तिला पटलं. त्यांच्यातही म्हाताऱ्यांचा मान मोठा असतो. पण मराएवर, म्हणजे त्यांच्या सभेच्या जागी, एखादा म्हातारा वेडंवाकडं बोलायला लागला की मागच्या बाया उठून गाणं सुरू करतात आणि त्याला खाली बसावंच लागतं. तुमच्यात तशी काही सोय नाही का, असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. मी विचार करून बघितला. आपल्यात प्रवचनातून मध्येच उठलेली बाई म्हणजे गॅस बंद करायचा राहिला म्हणून उठलेली बाई, एवढंच लोक समजतात. तिनं तिच्या कुंपणावरचा बोर्ड काढला नाही. पण त्या शनिवारी ती माझ्याबरोबर फिरायला आली नाही. शाळेचं काम आहे म्हणाली. मी एकटीच दारं वाजवत फिरले, आणि दार उघडायला वेळ लागला की मला वाटायचं आत कुणीतरी फोनवर तो व्हिडिओच बघतंय.

इकडे आपल्या मंडळींचे फोन चालू होतेच. म्हातारा माणूस आहे, बोलून गेला, तू उगाच तोंड उघडून आगीत तेल ओतू नकोस. जाहीर निषेध वगैरे केलास तर आपलीच मतं जातील. न केलास तर बाकीची जातील, हे कुणी म्हणत नव्हतं, पण ते मला कळत होतं. मला झोप लागेना. शेवटी मी जॉन्सनव्हिलला गेले. ठरवलं होतं की काकांना सांगायचं, तुम्हीच दोन ओळी लिहा, चुकलं म्हणा, म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही. ते स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. मीही समोर बसून शेंगा हातात घेतल्या, रिकाम्या हातांनी बोलायची आपल्याला सवय कुठे आहे. त्यांना राग आला नाही, उलट मीच दुखावले गेले असेन म्हणून त्यांना माझी काळजी वाटत होती. चुकलं मात्र ते म्हणेनात. मी पुन्हा विनवलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, ‘तुझ्या आईच्या खाणावळीत आम्ही निर्धास्त जेवायचो. का? ती आडनाव विचारून माणूस आत घ्यायची म्हणून. मी त्याहून वेगळं काय बोललो?’

मटाराचे दाणे बोटांतून खाली सांडले, ते टेबलाखालून गोळा करताना मला बरं वाटलं, तेवढा वेळ तोंड लपवता आलं. आई, मी ते विसरले नव्हते. फक्त त्याला काही नाव दिलं नव्हतं. बाहेर ‘घरगुती जेवण’ अशी पाटी होती. नवीन माणूस दारात आलं की तू पदराला हात पुसत जायचीस आणि हसून विचारायचीस, आडनाव काय तुमचं? ते आडनाव ऐकून तुझ्या चेहऱ्यावर काहीही दिसायचं नाही. कुणाला या, बसा. कुणाला, अहो, जागाच नाही हो, भरलं सगळं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागलेली ती मुलगी मला अजून दिसते. उन्हातून आली होती, चपला बाहेर काढून आत पाऊल टाकायच्या बेतात होती. तू विचारलंस, तिनं सांगितलं. तू म्हणालीस, ‘भरलं ग बाई सगळं.’ मी तिथंच ताटं मांडत होते, आणि भिंतीकडचे पाट रिकामे होते. तिनं ते पाट बघितले, मग माझ्याकडे बघितलं, मग ‘बरं’ म्हणाली. चप्पल घालताना तिचा पट्टा अडकला, बसेचना. तू दार धरून उभी राहिलीस, सभ्यपणे, तिची चप्पल बसेपर्यंत. मग आत येऊन नारळ खवायला बसलीस. खिडकीजवळ काका आमटी पीत होते.

रात्रीची भांडी आवरून झाल्यावर मी तुला विचारलं होतं की जागा होती तरी का नाही म्हणालीस. तू चिडली नाहीस. म्हणालीस, ‘जेवणारे सोडून गेले तर आपण काय खायचं? माझ्या एकटीच्या मतावर घर चालत नाही.’ बाबा गेलेले, मी शाळेत, आणि पाटावर बसलेली सगळी माणसं आमटी पिता पिता तुझं घर चालवत होती किंवा बंद पाडू शकत होती. हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, म्हणजे कळतं असं वाटतं. तू एखाद्याला तरी घेऊन बघितलं असतंस तर खरोखर कोण उठून गेलं असतं, हेही आता तुला विचारता येत नाही. मी कधी तुझ्या बाजूनं होते, कधी त्या मुलीच्या, आणि गाडी चालवताना हे दोन्ही एकदम व्हायला लागलं की मला कडेला थांबावं लागतं.

मग शाळेच्या हॉलमधली ती सभा. सगळे उमेदवार एका रांगेत बसलेले, समोर शंभरेक माणसं. माझ्या खिशात निवेदन तयार होतं, त्या विधानांशी मी सहमत नाही, वगैरे. मी ते वाचलं. टाळ्या नाहीत, काही नाही, नुसत्या खुर्च्या कुरकुरल्या. मग एक वयस्क माओरी गृहस्थ उठले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं की हा माणूस इथं येऊन असं शिकला का, की हे घरून घेऊन आला होता? आणि तुम्ही? मला नाही म्हणता आलं असतं. आमच्या घरी असलं काही नव्हतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि तू आपल्या जागी सुखात राहिली असतीस. मी माइक धरला आणि पाटीपासून सुरुवात केली. आडनाव, रिकामे पाट, चपलेचा पट्टा. म्हटलं, ती दार धरून उभी असलेली बाई माझी आई होती, जगातलं सगळ्यात मायाळू माणूस होती, आणि मी तिच्या मागे ताट घेऊन उभी होते. काका माझ्याच घरात हे जेवून आलेत. ते चुकले आणि ते माझे आहेत, दोन्ही खरं आहे. मग टाळ्या झाल्या. तू म्हणालेलं ते, एकटीच्या मतावर घर चालत नाही हे, मी त्यात सांगितलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. स्थानिक बातम्यांत ते आलं, बोर्डावरचा तो काळा शब्द कुणीतरी आपणहून पुसून टाकला. कम्युनिटी हॉलवाल्यांनी काकांचा रविवार बंद केला. काकांनी मला फोन केलेला नाही, त्यांच्या सुनेनं केला, म्हणाली, ते दिवसभर खिडकीशी बसतात, तुझं नाव काढत नाहीत, पण वहिनींचं काढतात. आपल्यातल्या एक बाई भारतीय दुकानात भेटल्या आणि म्हणाल्या, मतांसाठी सख्ख्या आईची अब्रू वेशीला टांगलीस. मी कोथिंबीर निवडत उभी राहिले. शेजारीण मात्र पुन्हा शनिवारी येऊ लागली. पहिल्याच गल्लीत तिनं मला सांगितलं की ती सभेला होती, मागे उभी होती. चांगलं बोललीस, म्हणाली. मग पुढच्या दारापर्यंत चालत गेल्यावर, बेल दाबण्याआधी म्हणाली, ‘तुझ्या आईचं सगळं समजलं. त्या रविवारी पहिल्या रांगेत तू काय विचार करत होतीस, ते अजून ऐकायचंय.’ तेवढ्यात दार उघडलं आणि आम्ही दोघींनी हसून ‘किया ओरा’ म्हटलं. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. पाइपांचा विचार करत होते, हे उत्तर खरं आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला माहीत आहे.

आता जे सांगायला बसले होते ते. त्यानंतर आणखी एक सभा झाली, लायब्ररीत. तिथं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी आपणहून तुझं सांगितलं. या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत. रिकाम्या पाटांपाशी आवाज खाली आणायचा हे मला कळलं होतं, चपलेच्या पट्ट्यापाशी थांबायचं, लोकांनी श्वास धरला की मगच ‘ती माझी आई होती’ म्हणायचं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले. आदल्यापेक्षा जास्त टाळ्या झाल्या, आणि आई, त्या मला आवडल्या. घरी येताना सिग्नलला थांबले होते तेव्हा मी ते गाडीत पुन्हा एकदा म्हणून बघितलं, आणखी नीट कसं होईल ते.

गुरुवारी तुझं नाव काढणार नाही, असं तुला लिहून द्यायचं म्हणून मी सकाळी कागद घेतला होता. मुलगी आता येईलच, एवढी पानं झाली, आणि ते एक वाक्य काही माझ्या हातून लिहिलं गेलेलं नाही.